नगरपालिकेच्या वकिलाची वकील बायको

वकिलीच्या सगळ्या वर्षांत मी एकाच वकिलावर जळले, आणि रोज दोन्ही वेळच्या जेवणाला त्याच्याच ताटात भाजी वाढली. आमच्या व्यवसायात मत्सर नवा नाही. बाररूममधल्या चहाबरोबर तो थोडा थोडा पोटात जातच असतो. पण बाकीच्यांना तो कोर्टात ठेवून घरी जायची सोय होती. माझा मत्सर रोज सकाळी स्कूटरला किक मारून दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "चल सुमन, उशीर होतोय."

मी आणि वसंतराव जळगावच्या लॉ कॉलेजात एका वर्गात होतो. पहिला नंबर माझा यायचा. त्यांचा कितवा यायचा ते विचारू नका, पण परीक्षेच्या आधी माझ्या वह्या त्यांच्याकडे असायच्या. तेव्हा मी त्यांना नुसतं वसंत म्हणायचे. लग्नानंतर सासूबाईंच्या समोर ‘अहो’ झालं, ते झालंच. धुळ्याहून जळगावकडे जाताना लागणाऱ्या एका तालुक्याच्या गावी आम्ही वकिली सुरू केली. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथेच राहतात, आणि आम्हीही.

आमचं ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. त्यात दोन टेबलं. दारातून आत आल्यावर समोर दिसतं ते वसंतरावांचं, वर काच असलेलं. माझं खिडकीखाली, काच नसलेलं. पक्षकार आत आला की सरळ काचेकडे जायचा. जाताना मला नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "वहिनी, पाणी मिळेल का?" उन्हाळ्यात खानदेशात कोणाला पाणी नाही म्हणवत नाही. मी उठायचे, पाणी द्यायचे आणि परत येऊन माझ्या टेबलाशी धुमसत बसायचे.

बाररूममध्येही मी वहिनीच. साक्षीदाराचा उलटतपासणीत घाम काढून यावं, तर एखादा सीनियर विचारणार, "वहिनी, आज डब्यात काय?" वसंतराव मात्र पहिल्या दिवसापासून ‘वसंतभाऊ वकील’.

तरी एवढ्यावर भागलं असतं. मग ते पॅनलवर गेले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. नगरपालिकेचं रोज कोणाशी ना कोणाशी भांडण असतं. कोणाचा नळ तोडला, कोणाची घरपट्टी वाढवली, कोणाची टपरी उचलली. प्रत्येक भांडण शेवटी कोर्टात येतं. लहान नगरपालिकेला पगारी वकील ठेवणं जमत नाही, म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव करून गावातल्याच एका वकिलाला वर्षभरासाठी नेमतात. त्याला आम्ही पॅनलवर असणं म्हणतो. नोटिसा तपासायच्या, दाव्याला उत्तर द्यायचं, कोर्टात उभं राहायचं. मानधन बेताचंच. पण नगराध्यक्षांच्या जीपमधून कोर्टाच्या आवारात उतरायला मिळतं, आणि त्या उतरण्यासाठी मी चांगली चांगली माणसं वर्षानुवर्षं झुरताना पाहिली आहेत. मीही झुरत होते. सभेत माझं नाव कोणी सुचवलंही नाही. पेढे घेऊन आलेला नगरसेवक मला म्हणाला, "वहिनी, पॅनल तुमच्याच घरात आणलंय की!" मी पेढा घेतला आणि तो मला चांगलाच कडू लागला.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्या टेबलाला चांगले दिवस आले. आजवर माझ्याकडे पोटगी मागणाऱ्या बायका आणि वारसाचे दाखले एवढंच यायचं. आता अचानक मोठी माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायला लागली. पहिले आले बाजारपेठेतले कापडवाले शेटजी. दुकानासमोर त्यांनी दगडी ओटा बांधला होता. तो चांगला रस्त्यात आला होता, आणि नगरपालिका कधीतरी हात घालील अशी त्यांना धास्ती होती.

"मॅडम, आमचं वकीलपत्र तुम्हीच घ्यायचं," शेटजी म्हणाले.

गावातल्या माणसाने मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं. मी खूश होऊन वही उघडली. बोलताना लक्षात आलं, शेटजी बसलेत माझ्यासमोर, पण मान काचेच्या टेबलाकडे. आवाजही तिकडे पोहोचेल एवढा. ओटा कधी बांधला, कोणाच्या परवानगीने, मी काहीही विचारलं की उत्तर तिकडे जायचं. नगरपालिकेच्या वकिलाची बायको आपली वकील असली, तर नगरपालिकेचा वकील कोर्टात कितीसा जोर लावील, असा तो साधा हिशोब होता. त्यात माझ्या अकलेचा काही संबंध नव्हता. माझ्या जागी सासूबाईंना बसवलं असतं तरी शेटजींनी वकीलपत्र दिलं असतं.

मी वही मिटली. "शेटजी, नगरपालिकेचं एकही प्रकरण मी घेणार नाही. घरात दोन्ही बाजूंचं वकीलपत्र ठेवता येत नाही."

शेटजी दुखावले नाहीत. ओट्यासाठी त्यांनी दुसरे रस्ते शोधले. नगरसेवकांच्या घरी दिवाळीला कापड जायला लागलं आणि ओटा सुखरूप राहिला.

माझा नियम मात्र मलाच महाग पडला. गावातून नगरपालिका वजा करा, काय उरतं? भांडणारे नवराबायको. मी पुन्हा पोटगीवर आले. खोलीत मध्ये मी पडदा लावला, म्हणजे कोणाच्या कानावर कोणाचं जाऊ नये. पडद्याच्या पलीकडे ओव्हरसियर यायचे, नगरसेवक यायचे, हास्यविनोद चालायचा. अलीकडे मी एखाद्या मुलीच्या डोळ्यांतलं पाणी संपायची वाट पाहत बसायचे. वर्गातला पहिला नंबर पडद्याच्या कुठल्या बाजूला आहे, हे विचारायलाही कोणी नव्हतं.

अशात एका दुपारी सुभद्राअक्का आली. थेट पडद्याच्या अलीकडे, माझ्याकडे.

अक्का खापराचे मांडे करायची. चुलीवर मातीचं खापर पालथं घालून त्यावर हातभर पुरणाचा मांडा टाकायचा, हे काम आमच्याकडे सगळ्या बायकांना येत नाही. अक्काला यायचं. आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला, लग्नाला, साखरपुड्याला अर्धं गाव तिच्याकडे मागणी नोंदवायचं. बाजारपेठेत तिची स्वतःची लहानशी जागा होती, सासऱ्याच्या वेळची. मागे राहायची खोली आणि पुढे पत्र्याच्या शेडमध्ये चूल. नवरा गेल्यावर त्या चुलीवर तिने दोन मुलींची लग्नं केली होती. आता नगरपालिकेची नोटीस आली होती, की शेडचा पुढचा भाग रस्त्यात येतो, काढून घ्या, नाहीतर आम्ही पाडू. पुढचा भाग म्हणजे नेमकी चूल.

मी नियम सांगितला. माझे मालक नगरपालिकेचे वकील आहेत, मला हे घेता येणार नाही. दुसऱ्या कोणाकडे जा.

"बठ्ठासकडे जाई उनी मी," अक्का म्हणाली. गावातल्या सगळ्या वकिलांची दारं तिने आधीच पालथी घातली होती. "कोणले ताप शे, कोणले धुळे जानं शे. त्या बठ्ठासले पुढला साले ते पॅनल पायजे, मंग त्या नगरपालिकासंगे कसा भांडतीन? तुमना घर ते ते पॅनल शेच. तुमले कसानी भीती?"

मीही त्या बारमध्ये बसत होते, पण इतकं नीट मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. गावातले सगळे वकील नगरपालिकेचे वकील होते. एकाला ठरावाने नेमलं होतं, बाकीचे आशेवर काम करत होते.

"आनि देखा," अक्का उठता उठता म्हणाली, "मनीच चूल रस्तामा येस. समोरना शेटना एवढा ओटा शे, तो कोणले दिसस नही."

शेटजींचं नाव निघालं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसाने मला मॅडम म्हणत काचेच्या टेबलाशी बोलणं केलं होतं. मी वकीलपत्र काढलं आणि अक्काचा अंगठा घेतला. न्यायाची चाड वगैरे मी नंतर भाषणांतून सांगितली आहे. त्या क्षणी मला फक्त कोणाला तरी दाखवून द्यायचं होतं, आणि तो कोणी पडद्यापलीकडे बसला होता.

जेवताना मी सांगितलं. वसंतरावांचा घास हातातच राहिला.

"ती नोटीस मी तपासून दिलीय," ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"म्हणजे तू माझ्या नोटिशीविरुद्ध दावा लावणार?"

"तुमच्या नाही. नगरपालिकेच्या."

त्यांनी भांडण केलं नाही. हे त्यांचं मोठेपण आहे, आणि मला त्याचाही राग येतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना कळवलं, की या एका दाव्यात समोर माझी पत्नी आहे, मी काम पाहणार नाही, दुसरा वकील नेमा. नगराध्यक्ष संतापले. बायको आवरत नाही तो नगरपालिका काय सांभाळणार, असं ते चारचौघांत बोलले. वसंतरावांनी ऐकून घेतलं. नगरपालिकेने धुळ्याहून नानासाहेबांना आणलं. जिल्हा कोर्टात त्यांचं नाव होतं. ते उभे राहिले की आमच्याकडचे वकील आपोआप सरकून जागा द्यायचे.

कोर्टाने निकाल लागेपर्यंत ‘जैसे थे’चा हुकूम दिला, म्हणजे शेड आहे तशी राहील, कोणी हात लावायचा नाही. आखाजी पार पडली. पण जैसे थे म्हणजे जिंकणं नव्हे. अक्काची जागा कागदावर तिची होती यात वाद नव्हता. वाद होता, ती जागा संपते कुठे आणि रस्ता सुरू होतो कुठे. नगरपालिकेचा ओव्हरसियर शपथेवर सांगणार होता, की मी टेप लावून मोजलंय, चूल रस्त्यात आहे. टेपशी कोण भांडणार?

घरी आम्ही दोघांनी त्या दाव्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी माझं टेबल उचलून शेजारच्या टायपिंगच्या क्लासच्या पडवीत नेलं. वसंतराव जाता येता त्या पडवीकडे बघायचे. मी काय वाचते, काय लिहिते, हे जाणून घ्यायचा त्यांना मोह होतोय हे मला दिसत होतं आणि फार छान वाटत होतं.

तोड सापडली ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. एके दिवशी अक्काच्या शेडमध्ये पाटावर बसून मी मांडा खात होते आणि रस्त्याकडे तोंड होतं. एक रिक्षा आली आणि चुलीसमोर आल्यावर थोडी आमच्याकडे वळून पुढे गेली. मागून सायकल आली, तीही वळली. बैलगाडी वळली. इतकं सवयीने, की कोणाच्या ध्यानातही नव्हतं. समोर शेटजींचा ओटा होता. सगळे ओट्याला टाळून जात होते. आणि रस्त्याचं डांबरही ओट्याला टाळूनच गेलं होतं. ठेकेदाराने डांबर टाकताना शेटजींच्या ओट्याला धक्का लावला नाही, पोटातून वाकवून ते अक्काच्या बाजूला आणलं.

दुसऱ्या दिवशी वसंतरावांच्या मागे स्कूटरवर बसून मी त्याच रस्त्याने कोर्टात गेले. ओट्यापाशी स्कूटर झुकली आणि माझा खांदा त्यांच्या पाठीला लागला. वर्षानुवर्षं रोज लागत होता. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. माझी जीभ नुसती सळसळत होती. पण ते नगरपालिकेचे वकील होते, आणि बोलायचं नाही हे ठरलं होतं. मी ओठ मिटून बसले, आणि इतकी खूश क्वचितच झाले असेन.

उलटतपासणीच्या दिवशी बार भरला होता. वहिनीची फजिती बघायला मिळणार म्हणून ताप आलेलेही सगळे बरे होऊन आले होते. वसंतराव शेवटच्या बाकावर होते.

"मोजणी कुठून सुरू केली?" मी ओव्हरसियरला विचारलं.

"रस्त्याच्या मध्यापासून. तिथून दोन्ही बाजूंना टेप लावतो आम्ही. नेहमीची पद्धत आहे."

"मध्य कसा काढला?"

"डांबराच्या दोन कडा धरून."

"शहर मोजणीचे हद्दीचे दगड धरून नाही?"

"ते दगड कोण शोधत बसतं, मॅडम? डांबर समोर दिसतं."

"आज कोर्टात कशावर आलात?"

नानासाहेब उठले. प्रश्न अप्रस्तुत आहे म्हणाले. न्यायाधीशांनी विचारू दिला.

"सायकलवर. बाजारपेठेतून."

"अक्कांच्या शेडसमोर आल्यावर काय केलंत, आठवून सांगा."

ओव्हरसियर आठवायला लागला. त्याचे दोन्ही हात कठड्यावर होते. आठवता आठवता ते हात हँडल धरल्यासारखे हळूच एका बाजूला वळले. आधी मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, मग सगळं कोर्ट. ओव्हरसियरने हातांकडे पाहिलं आणि ते पाठीमागे नेले.

"का वळवलंत?"

"मध्ये ओटा येतो."

"कोणाचा?"

"शेटजींचा."

"म्हणजे डांबर ओट्याला वळसा घालून गेलं, तुम्ही डांबराचा मध्य धरला, आणि ओट्याने जेवढा रस्ता खाल्ला तेवढा तुम्ही या बाईच्या चुलीतून काढलात. बरोबर?"

त्याने नानासाहेबांकडे पाहिलं. नानासाहेबांनी बाजू सावरायचा प्रयत्न केला, पण कोर्टाने आपल्या वतीने कमिशनर नेमून हद्दीच्या दगडांपासून मोजणी करवली. अक्काची चूल तिच्या जागेत निघाली, ओटा रस्त्यात निघाला. नोटीस रद्द झाली. शेटजी दाव्यात नव्हते, त्यामुळे ओट्याबद्दल कोर्टाने काही हुकूम केला नाही. लोकलाजेस्तव नगरपालिकेने त्याची एक पायरी काढली. शेटजींनी त्या जागी तुळशीची कुंडी ठेवली. रस्ता अजून तिथे वळतोच.

निकाल लागला त्या दुपारी मी बाररूममध्ये गेले. आज तरी कोणी मॅडम म्हणेल असं वाटलं होतं. एक सीनियर डोळा बारीक करून म्हणाले, "वहिनी, घरच्या घरी फाईल वाचायला मिळाली की बरं असतं." सगळे हसले. नानासाहेब तेवढे मोठ्या मनाचे, मुद्दाम उठून आमच्याकडे आले. आणि हात कोणाशी मिळवला? वसंतरावांशी. "वसंतराव," ते म्हणाले, "तयारी छान करून घेतलीत."

माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. ज्या दाव्यासाठी मी टेबल घराबाहेर काढलं, त्याचंही श्रेय काचेच्या टेबलालाच गेलं. शेटजींचा हिशोब आणि बारचा हिशोब एकच होता. नवरा त्या बाजूला असला की बायको हरली तर तिची चूक, जिंकली तर त्याची मेहेरबानी. मी खरं काय ते ओरडून सांगितलं असतं तरी कोणाला पटणार होतं? एका घरातल्या दोन वकिलांच्या शब्दाला साक्षीदार नसतो.

वसंतराव मात्र हसले नाहीत. नानासाहेबांना म्हणाले, "मी काही केलेलं नाही. मला ते दिसलंच नव्हतं." नानासाहेबांना तो विनय वाटला.

घरी जेवण झालं. ताक पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कधी दिसलं?"

"अक्काकडे मांडा खाताना. मग तुमच्या मागे बसल्यावर खात्री झाली. तुम्ही रोज वळवत होतात."

"रोज?"

"रोज."

त्यांचा चेहरा मी नीट पाहिला, कारण तो मला ओळखीचा होता. आरशात मी तो बरीच वर्षं पाहत आले होते. त्यांनी शाब्बास म्हटलं नाही, अभिनंदन केलं नाही. पेला जरा जोरात खाली ठेवला आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर बाजारपेठेकडे न वळता पोस्टाकडे वळली. पोस्टावरून कोर्ट चांगलंच लांब पडतं.

"इकडून का?" मी विचारलं.

"बाजारात गर्दी फार असते."

सकाळी बाजारात कुत्रंही नसतं. ओटा मात्र असतो.

पुढच्या वर्षीच्या ठरावात पॅनल दुसऱ्याकडे गेलं. घेतलं त्याने, ज्याला अक्का दारात आली त्या दिवशी सगळ्यांत जास्त ताप होता. माझं टेबल परत खिडकीखाली आलं आणि खोलीतला पडदा मी काढला. नगरपालिकेविरुद्धची प्रकरणं आता मला घेता येत होती, आणि लोक येऊ लागले. मान माझ्याकडे ठेवून बोलायला लागले. वसंतरावही पुढे दिवाणी कामात चांगले नावारूपाला आले, आणि मी त्यांच्यावर पुन्हा जळू लागले, कारण सवय सुटत नाही. बारने मला शेवटपर्यंत वहिनीच म्हटलं. त्या दाव्याचा विषय निघाला की अजूनही कोणीतरी डोळा बारीक करतं. मला पूर्वी राग यायचा, आता येत नाही. त्याचं कारण सांगते आणि थांबते.

आता आम्ही दोघंही काळा कोट काढून बसलोय. स्कूटर विकली, वसंतरावांचे गुडघे गेले. गेल्या महिन्यात बँकेत ठेवीची पावती बदलून घ्यायला रिक्षा केली. रिक्षावाला सरळ बाजारपेठेकडे निघाला. वसंतरावांनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोस्टावरून घे."

"बाबा, तठून लांब पडस. भाडं बी जास्त व्हई."

"होऊ दे," वसंतराव म्हणाले आणि बाहेर बघायला लागले.

रिक्षा पोस्टाकडे वळली. मी पदर सारखा करून आरामात मागे टेकले. उतरल्यावर ते खिसे चाचपत होते, त्यांना मी थांबवलं. त्या रस्त्याचं जास्तीचं भाडं नेहमी मीच देते.